सोफ्यावरची वसुली

कवळीबाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारी माणसं आता मोजकीच उरली होती. एकवीस वर्षं त्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करत होत्या. डॉक्टरांकडून जबड्याचं माप आलं की त्यात प्लास्टर ओतायचं, साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि वरचा-खालचा चावा जुळेपर्यंत घासत राहायचं. एक दात केसभर उंच राहिला तरी म्हाताऱ्या माणसाला घास चावता येत नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. लग्न केलं नव्हतं. चपला दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. कुणाचं देणं ठेवायच्या नाहीत, आणि कुणी त्यांचं ठेवलं तर विसरायच्याही नाहीत.

बाईंचा हा दुसरा गुण त्यांचा सख्खा भाऊ विसरला, तिथेच त्याचं चुकलं.

दादा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने फर्निचरचं शोरूम काढलं तेव्हा बँकेने त्याला क्रेडिट कार्ड नाकारलं होतं. तो बहिणीकडे आला, खुर्चीवर न बसता थेट जमिनीवर बसला. काम असलं की तो असाच लहान व्हायचा.

"तुझा पगार बँकेत जातो, तुला उभ्या उभ्या देतील. कार्ड तुझ्या नावावर, पैसे मी भरणार. तुला काडीचा त्रास नाही."

फॉर्मवर फोन नंबर त्याने स्वतःचा घातला, पत्ता शोरूमचा. बाईंनी सही केली. भावाच्या कागदावर सही करताना कोण वकील बोलावतं?

त्रास आला तो दोन वर्षांनी, एका मंगळवारी दुपारी. निळ्या शर्टातला एक माणूस लॅबच्या दारात उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, दोन लाख ऐंशी हजार कधी भरताय? दोन हप्ते थकलेत."

पॉलिशचं चाक थांबलं. लॅबचे साहेब आतून बाहेर आले. पॉलिशवाले काका, जे कधी कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, तेही मान वर करून बघायला लागले. बाईंच्या हातात गरम मेण होतं. ते बोटांवरच घट्ट झालं, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी त्या शोरूमला गेल्या. दादाने चार गिऱ्हाइकांसमोर हात झटकले. "कार्ड कुणाच्या नावावर आहे? मग बिल कुणाचं?" गल्ल्यावर बसलेली वहिनी नोटा मोजता मोजता म्हणाली, "वन्सं, एकट्या माणसाला एवढे खर्च लागतातच कशाला?" आणि तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आई दादाकडे राहायची. "अगं, दादा सांगत होता, लॅबसाठी मशीन घेतलंस म्हणे कार्डावर? झेपत नव्हतं तर घ्यायचं कशाला? आता त्याच्यावर का ढकलतेस?"

बाईंनी फोन ठेवला. रडू आलं नाही. आलं ते वेगळंच होतं. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "थांब. तुझे दात तुझ्याच घशात घालते. तेच तर माझं काम आहे."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या बँकेत गेल्या आणि दोन वर्षांची सगळी बिलं छापून घेतली. प्लायवूडवाला, फोमवाला, कापडवाला, आणि मधेच एका मोठ्या हॉटेलात तीन रात्री. शोरूम सुरू झाल्यावर दादा-वहिनी फिरायला गेले होते, ते हे. महिन्याला साडेतीन टक्के व्याज. दादा किमान रक्कम तेवढी भरत राहिला होता, म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतत होता, आणि मग तेही बंद केलं होतं.

खिडकीवरची मुलगी चांगली होती. हळूच म्हणाली, "हे कर्ज दुसऱ्या बँकेच्या कार्डावर नेता येतं. बॅलन्स ट्रान्सफर. काही महिने व्याज नाही. पण थकलेले हप्ते असताना कुणी दारात उभं करणार नाही. आधी ते भरा, मग सहा महिने एकही तारीख चुकवू नका."

बाईंनी साठवलेले अठ्ठावीस हजार काढून थकबाकी भरली. मग सहा महिने, दर महिन्याला बारा हजार. त्यातले आठ-नऊ हजार व्याजातच जायचे. दर वेळी पावती फाइलला लावताना त्या दादाचा चेहरा आठवायच्या. जेवण कमी केलं, पण राग कमी होऊ दिला नाही.

सहा महिन्यांनी तीन बँकांची माहितीपत्रकं टेबलावर मांडून त्या बसल्या. पहिली म्हणत होती, ट्रान्सफरची फी नाही, पण बिनव्याजी महिने सहाच. सहा महिन्यांत सव्वादोन लाखांच्या वर फेडायला त्या काय टाकसाळ चालवत होत्या? दुसरीची फी तीन टक्के, पण अठरा महिने शून्य व्याज. तिसरी दोन वर्षं देत होती आणि हप्ता सगळ्यात लहान. त्या कागदावर हसणाऱ्या जोडप्याचं चित्र होतं. बाईंनी खालची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, तेच भिंग, ज्याने त्या दातांच्या फटी बघायच्या. दीड टक्का दर महिना. पूर्ण गणित मांडलं तर सेहेचाळीस हजार व्याज.

"गोड बोलणारा दात दाखवतो, दाढा लपवतो," असं म्हणत त्यांनी ते पत्रक बाजूला टाकलं आणि दुसरं कार्ड निवडलं. फी धरून महिन्याला तेरा हजार चारशे. अटी दोन: एक हप्ता एक दिवस जरी चुकला तरी सवलत रद्द आणि जुनाच दर. नव्या कार्डावर खरेदी केली तर तिला पहिल्या दिवसापासून व्याज. कार्ड हातात आलं त्याच दिवशी बाईंनी त्याचे कात्रीने चार तुकडे केले. जुन्या बँकेचं कार्ड बंद करून तसा दाखला घेतला. बँकेचा हिशोब इथे संपला. भावाचा सुरू झाला.

हप्त्याची तारीख आठ. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला, शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते तेव्हा, बाई आत गेल्या आणि दारासमोरच्या सगळ्यात मोठ्या सोफ्याच्या मधोमध बसल्या. मांडीवर फाइल.

"काय पाहिजे?" दादा.

"तेरा हजार चारशे. तू दे, मी उठते."

दादा हसला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. अर्ध्या तासाने एक नवं जोडपं त्या सोफ्याजवळ आलं. बाईंनी सरकून जागा दिली.

"कसा आहे हो? तुम्ही वापरलाय?" मुलीने विचारलं.

"छान आहे. ह्याच्या फोममध्ये माझे साठ हजार आहेत," बाई म्हणाल्या आणि फाइल उघडली. "हे फोमवाल्याचं बिल. कार्ड माझं. पैसे अजून आलेले नाहीत. बसा ना, मऊ आहे."

जोडपं उठलं. त्यांच्या मागचं कुटुंबही उठलं. वहिनी गल्ला सोडून धावत आली. "वन्सं, घरची अब्रू चव्हाट्यावर आणताय!"

"चव्हाट्यावर कुठे? शोरूममध्ये आणलीय. माझ्या लॅबमध्ये आली होती तेव्हा तुम्हाला बघायला मिळाली नाही, म्हणून."

दुपारी दोनपर्यंत तीन गिऱ्हाइकं परत गेली. सव्वादोनला दादाने पाकीट सोफ्यावर आदळलं. बाईंनी नोटा दोनदा मोजल्या, पावती लिहून त्याच्या हातात दिली आणि उठल्या.

दुसऱ्या महिन्यात दादाने आईला पुढे केलं. बाई फाइल घेऊन आईकडे गेल्या, हॉटेलचं बिल तारखेसकट मोठ्याने वाचलं. त्या तीन दिवसांत आई तापाने फणफणली होती आणि तिच्याजवळ बाईच झोपल्या होत्या. आईला ते दिवस आठवले. ती म्हणाली, "तरी भाऊ आहे गं तुझा. सोड आता."

"तू मला खोटं ठरवलंस आई. ते मी सोडलं. पैसे सोडत नाही."

अठरा महिने त्यांनी महिन्याचा पहिला रविवार एकदाही चुकवला नाही. हळूहळू दादा दार उघडायच्या आधीच पाकीट तयार ठेवायला लागला, तरीही बाई आत जाऊन पाच मिनिटं बसायच्या. त्या पाच मिनिटांत त्याचा चेहरा बघणं हे त्यांचं व्याज होतं. खोटं कशाला बोला, ते त्यांना गोड लागायचं.

अठरावा हप्ता गेला. कार्डाचं देणं फिटलं. एकोणिसाव्या महिन्यात बाई पुन्हा सोफ्यावर.

"आता काय राहिलं?" दादा ओरडलाच.

"माझे अठ्ठावीस हजार, आणि सहा महिन्यांचे बारा-बारा. बरोबर एक लाख. घाई नाही, रविवार खूप आहेत."

तेही आठ महिन्यांत आले. शेवटचं पाकीट देताना दादा म्हणाला, "आता माझं-तुझं संपलं." बाई म्हणाल्या, "हो, संपलं." त्यांना वाटलं होतं घरी जाताना काहीतरी टोचेल. काही टोचलं नाही. रात्री झोप मात्र छान लागली.

त्यानंतर पाच महिन्यांनी, लॅबमध्ये जेवणाची सुट्टी होती तेव्हा वहिनी दारात उभी राहिली. हातात बँकेचा लिफाफा. दादाने गाद्यांचा नवा धंदा काढला होता. कार्ड या वेळी वहिनीच्या नावावर होतं.

बाईंनी तिला पुरतं एक मिनिट तसंच उभं ठेवलं. पूर्वीचा एकेक शब्द आठवला. मग पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. हप्ता थकलाय का?"

"अजून नाही. पण वन्सं, ते म्हणतात, कार्ड तुझ्या नावावर आहे तर..."

"तर बिल कुणाचं. माहीत आहे मला ते वाक्य." बाईंनी लिफाफा उघडून व्याजाचा आकडा बघितला. "हे दुसऱ्या कार्डावर नेता येईल. सगळं सांगते. पण आधी हे सांगा, गल्ल्याची किल्ली कुणाकडे असते?"

वहिनीने पर्स घट्ट धरली. "माझ्याकडेच."

"मग रडताय कशाला?" बाई म्हणाल्या आणि डबा बाजूला सारून कोरा कागद पुढे ओढला.