वापरून परत

एवारिस्तो गुंबानच्या घरात स्वतःच्या मालकीचं यंत्र एकच होतं: मागची काच तडकलेला, रबर लावून बांधलेला फोन. बाकी सगळे फोन, कॅमेरे, कानात घालायची बोंडं, भिंतीवर चित्र पाडणारे डबे, ही सारी पाहुणे मंडळी. मनिलाच्या कंपन्या ती पाठवत. एवो ती वापरून बघे, ब्लॉगवर बरंवाईट लिही आणि वस्तू जशी आली तशी खोक्यात घालून परत करी. ब्लॉगचं नावच 'वापरून परत' होतं. वस्तू ठेवून घेणारे ब्लॉगवाले त्याच्या इलोइलो गावात काही कमी नव्हते, आणि ते ठेवलेल्या फोनच्या मिठाला जागत. त्यांच्या लिखाणात आजवर एकही फोन वाईट निघाला नव्हता. एवोकडे वाचकांना सांगायला एकच गोष्ट होती: मी काही ठेवून घेतलेलं नाही.

या धंद्यात तो शिरला तो भांडणातून. कॉलेजात असताना मनिलाच्या एका संगणक मासिकाने एका प्रिंटरची तोंड भरून स्तुती केली. एवोने संपादकाला पत्र लिहिलं की तुमचा प्रिंटर वातानुकूलित खोलीत लाडावलेला आहे. आमच्या इलोइलोच्या दमट हवेत तो कागद चावून चावून थुंकतो. संपादकाने पत्र छापलं आणि वर विचारलं, आणखी काय काय थुंकतं तुमच्याकडे? मग दर महिन्याला एवोचं पान येऊ लागलं. मासिक गुळगुळीत कागदाचं होतं. प्लाझातला शेंगदाणेवाला त्याच्या पुड्या बांधायचा, त्यामुळे एवोला स्वतःचे लेख बहुतेक वेळा मीठ लागलेलेच वाचायला मिळत. पुढे मासिक बंद पडलं. शेंगदाणेवाल्याला एवोपेक्षा जास्त वाईट वाटलं. एवोने ब्लॉग काढला.

पण त्याआधीपासूनचं, मासिकाहूनही जुनं असं त्याचं एक काम होतं. गावात एक मदत मंडळ होतं. सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात रोग्यांचे नातेवाईक बसून असत, त्यांना मंडळ आलं घातलेली गरम पेज वाटत असे. वादळ आलं की तांदूळ आणि सुक्या मासळीचे डबे बांधी. एवो शाळकरी असल्यापासून वाडगे वाहत असे. पेज ढवळणारी होती मानांग सिनांग, मानांग म्हणजे थोरली ताई: हातात वल्ह्याएवढा डाव, अंगात जुना फुटबॉलचा सदरा आणि जिभेला हाड नाही.

"टोटो, बाळा, तू यंत्रांवर एवढं लिहितोस," ती म्हणायची, "माझ्या डावावर लिही ना. कधी बिघडत नाही."

"परत करावा लागेल, मानांग."

"मग नको. तू वापरशील कधी? तुला ढवळता येतं का?"

मंडळाची ख्रिसमसची मेजवानी शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात होती. एवो मनिलाहून विमानाने उतरून थेट तिथे आला. पिशवीत पांढरं खोकं होतं, त्यात बाजारात अजून न आलेला फोन. कंपनीने तीनचार लेखकांत मिळून एकच दिला होता: सोमवारी त्यांचा माणूस येणार, एवोकडून उचलणार आणि सेबूच्या लेखकाकडे पोचवणार. एवोने खोकं क्षणभर मेजावर ठेवलं, कारण माईक खरखरत होता, आणि गावात कुठेही माईक खरखरला की तो एवोचाच असे.

त्या मेजावर सोडतीची बक्षिसं मांडलेली होती. मेजाची राखण तिया कोरिंगकडे, म्हणजे एवोच्या मावशीकडे. ख्रिसमसच्या मेजावर उघडी वस्तू दिसली की ती गुंडाळल्याशिवाय तिला राहवत नसे. तिने ते बिचारं नागडं खोकं पाहिलं, मनातल्या मनात देणाऱ्याला अक्कल नाही म्हटलं, लाल कागदात गुंडाळलं, वर फीत बांधली आणि नंबर चिकटवला.

माईक दुरुस्त झाला. सोडतीचं बोलणं दरवर्षी एवोकडेच असे. बादल्या गेल्या, पराती गेल्या, भिंतीवरचं घड्याळ गेलं. शेवटी तिया कोरिंगने लाल पुडकं त्याच्या हातात दिलं.

"आता मोठं बक्षीस!" एवो गरजला. पुडकं कानाशी नेऊन हलवलं. "हलकं आहे, म्हणजे तांदूळ नव्हे! आवाज नाही, म्हणजे बशा नव्हेत! ज्याने दिलंय त्याचं मन मोठं दिसतंय, हं!" आणि डब्यात हात घालून त्याने चिठ्ठी काढली.

मानांग सिनांग. सभागृहात हशा पिकला. तिला दरवर्षी बादली मिळे. तिच्या घरात बादल्या एकात एक बसून वाशांना टेकल्या होत्या.

ती आली, तिने दातांनी फीत तोडली. लाल कागद गळून पडला. पांढऱ्या खोक्यावर कंपनीची चिकटपट्टी होती आणि तीवर ठळक अक्षरांत नाव: एवारिस्तो गुंबान.

"अगं बाई! हे तर एवोने दिलंय!" सिनांग ओरडली.

माणसाला उभ्या जागी भोवळ येते आणि तरी त्याचं हसू तोंडावर राहतं, अशी एक अवस्था आहे. एवो तिच्यात होता. टाळ्यांनी छप्पर हाललं. पाद्रीबाबांनी त्याला मिठी मारली. तिया कोरिंग डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "माझ्या बहिणीचा मुलगा. लहानपणी पेन्सिल द्यायचा नाही कुणाला."

रविवारी सकाळी मनिलाहून कंपनीच्या मिस आब्रिलचा फोन आला. "उद्या दुपारी माणूस येतो, एवो. तुमची काळजीच नसते. तुम्ही म्हणजे घड्याळ." घड्याळाने घाम पुसला. दिलेलं बक्षीस सगळ्या गावादेखत परत मागायचं, की आजवर न मोडलेला शब्द मोडायचा? ब्लॉगचं नाव बदलून 'वापरून गायब' ठेवावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तो सिनांगच्या दारात उभा राहिला. "फोनची सेटिंग लावून देतो म्हटलं, मानांग."

"ये, ये. आधी तो तांदळाचा कट्टा आत घे."

कट्टा आत गेला. मग तिने माडीवरच्या बादल्या धुऊन घेतल्या. मग छपराचा हाललेला पत्रा बसवून घेतला. मग केळीच्या पानातला गोड भात त्याच्यासमोर ठेवला आणि समोर बसून तो खाताना बघत राहिली. फोन तिच्या मांडीवर होता, हातरुमालात गुंडाळलेला. एवोने पाच वेळा तोंड उघडलं. पाचही वेळा त्यात भात गेला.

"बोल की," शेवटी ती म्हणाली.

"काय बोलू?"

"कालपासून घशात अडकलंय ते. माझी आर्लीन नोकरीला दोह्यात, तिथे बसून तुझा ब्लॉग वाचते. काल रात्री तिला या फोनवरनं लावलं, तर म्हणाली, आई, हा फोन अजून दुकानात आलेलाच नाही. एवोचा परत करायचा असेल. म्हटलं, थांब, बघू तरी कधी तोंड उघडतोय."

"म्हणजे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं? आणि पत्रा?"

"पत्रा हालत होता ना, पण."

एवोने कपाळावर हात मारला. मग दोघंही हसायला लागली. हसता हसता सिनांग आधी थांबली.

"नेशील तर ने. पण परत मी करणार, तू नाहीस. बक्षीस माझं होतं. आणि तुझ्या ब्लॉगात मी सांगते ते लिहायचं, एक अक्षर न बदलता."

"सांगा."

तिने रुमाल सोडला, काळ्या काचेकडे बघितलं. "लिही. माणूस फार स्पष्ट दिसतो यात. इतका, की माझी मुलगी वाळलीय ते दिसलं. माझ्या जुन्या फोनवर ती बरी होती."

एवोने लिहून घेतलं. फोनविषयी त्याने आजवर जे जे लिहिलं होतं, त्यातलं काहीच याच्या शेजारी उभं राहत नव्हतं, हे त्याला कळलं.

सोमवारी दुपारी मोटारसायकलवरून माणूस आला. सिनांग चर्चचा झगा घालून एवोच्या दारात उभी. फोन खोक्यात होता तसा घातलेला, पण उघडी वस्तू द्यायची नाही म्हणून तिया कोरिंगने त्याला परत लाल कागद आणि फीत बांधली होती.

"घे बाबा. मी परत केला," सिनांग म्हणाली.

माणसाने पुडकं बघितलं. त्याचा चेहरा उजळला. "मला? अहो मानांग, कशाला! मेरी ख्रिसमस!" त्याने ते सदऱ्याच्या आत घातलं आणि गाडीला किक मारली.

एवो कोपऱ्यापर्यंत ओरडत धावला. मागून तिया कोरिंगचा आवाज येत होता, "फीत फाडू नको म्हणावं!"

पुडकं कंपनीचंच आहे हे त्या माणसाला पटवून धापा टाकत तो परत आला, तेव्हा धावताना त्याने पायरीवर टाकलेला त्याचाच रबर बांधलेला फोन घेऊन सिनांग तिथे बसली होती. तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवून बघत होती.

"हा काय भावाने?"

"मानांग, तो माझा आहे! मी लिहितो त्याच्यावर!"

"सोडतीतून मोकळ्या हाताने कुणी घरी जातं का? बादली तर यंदा मिळाली नाही." तिने फोन लांब धरून बघितला. "याच्यावर आर्लीन मध्यम वाळलेली दिसेल. तेवढं मला झेपेल."

एवो पायरीवर तिच्या शेजारी बसला. त्याला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणण्याची जागा शनिवारी दुपारीच माईकवर हरवली होती.

"परत कधी द्याल?"

सिनांगने रबर नीट बसवला, फोन झग्याच्या खिशात टाकला आणि उठली.

"वापरून," ती म्हणाली.