चाळणीबाईंची साक्ष

ऑफिसात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. एखादा व्यवहार खटकला की बँका सरकारला अहवाल पाठवत, आणि त्यातला खडा कोणता नि दाणा कोणता हे निवडायचं काम बाईंच्या खात्याचं. खात्याचं नाव मोठं, पण कॉम्प्युटर असा की एका अक्षराचा फरक पडला तरी ओळख दाखवायचा नाही. ‘ट्रेडर्स’च्या जागी ‘ट्रेडिंग’ आलं की सरळ सांगायचा: नोंद नाही. बाई दर नव्या साहेबाच्या कानीकपाळी ओरडत. साहेब म्हणत, "वर लिहितो, बाई." वर म्हणजे कुठे, हे बहुधा साहेबांनाही ठाऊक नसावं.

बाईंचे धाकटे दीर शिंपी. कोटाची बाही अशी बसवायचे की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. बायको गेल्यावर त्यांचं कशात मन लागेना. दुकान विकून आलेले सगळे पैसे त्यांनी एका कंपनीत घातले. सुरुवातीला दरमहा व्याज आलंही. मग एके दिवशी कंपनीच्या दाराला कुलूप, आणि फोनवर गोड बोलणारी ती मुलगीही गायब.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी ऑफिसात कंपनीचं नाव शोधलं. नोंद नाही. अक्षर बदलून पाहिलं, शब्द उलटसुलट करून पाहिले, तेव्हा कुठे तीन बँकांचे अहवाल निघाले. प्रत्येकात नाव निराळं लिहिलेलं, म्हणून प्रत्येक निराळ्या टेबलावर गेलेला. सगळे भाऊजींनी पैसे भरण्याच्या आधीचे. एकावर शेरा होता: ‘इतर नोंदी आढळल्या नाहीत. प्रकरण बंद.’ खाली सही बाईंचीच.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"त्याला सांगू नकोस," नवरा म्हणाला. "आधीच खचलाय तो."

बाईंनी भाऊजींना सांगितलं नाही. त्यांनाही ते सोयीचंच होतं.

अशी बरीच घरं धुऊन निघाली तेव्हा सरकारला जाग आली. खात्याची यंत्रणा बदलायची, सगळ्या बँकांचे अहवाल एकमेकांशी जोडायचे, असा कायदा आणायचं ठरलं. आमदारांच्या समितीसमोर खात्यातून कुणीतरी बोलायला हवं होतं. साहेबांना नेमका त्याच दिवशी ताप आला. बाई गेल्या.

"जुनं यंत्र चालतंय की," समितीतले एक आमदार म्हणाले. "मग जनतेचा पैसा कशाला उधळायचा?"

बाईंनी लिहून आणलेलं भाषण बाजूला सारलं. "माझ्या दिरांचं सगळं गेलं, साहेब. त्या कंपनीचा अहवाल माझ्या टेबलावर आला होता. मीच तो बंद केला. यंत्रानं बाकीचे दोन दाखवले असते तर केला नसता."

कायदा पास झाला. साहेबांचा ताप उतरला आणि त्यांना बढती मिळाली. नव्या यंत्रणेत जुने अहवाल घालायला मात्र पैशांची तरतूदच नव्हती; भाऊजींच्या कंपनीचं प्रकरण जुन्या कॉम्प्युटरबरोबर तळघरात गेलं.

आणि साक्ष टीव्हीवर दाखवली होती. भाऊजींनी ती परक्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर पँट आखूड करताना ऐकली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नंतर कळलं, भाऊजी."

"नंतर म्हणजे कधी?"

"कंपनी पळाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पलीकडे मशीनची घरघर थांबली. "सगळ्या जगाला सांगितलंत," ते म्हणाले, "आणि मला नाही."

त्यानंतर ते घरी आले नाहीत. थोरला भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, बोलवायला गेला, तर चहा पाजून परत पाठवला.

नवी यंत्रणा सुरू झाली. तसल्याच आणखी एका कंपनीचे अहवाल तिनं आपणहून जोडून बाईंसमोर ठेवले. खाती वेळेत गोठली, लोकांचे पैसे वाचले. बाईंना राहवेना, भाऊजी काम करत त्या दुकानात त्या तडक गेल्या.

"भाऊजी, या वेळी सापडले. शेकडो लोक वाचले."

भाऊजींनी दातानं दोरा तोडला. "चांगलं झालं त्यांचं," ते म्हणाले. मग मान वर न करता, "वहिनी, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

बाई बाजूला झाल्या. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. कुणी बसा म्हणेना, तेव्हा बाहेर पडल्या.