टाकी गळत होती, हे मला माहीत होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बाबा गेले, त्यांनाही कळू दिलं नाही. आज लिहायला बसलोय तरी हात थेट त्या गोष्टीकडे जात नाही, म्हणून आधी घरचं सांगतो.

अंबरनाथला बुवापाड्यात आमची एक खोली होती. बाबा तिथल्याच आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्यात ड्रम उचलायचे. त्यांना सही यायची, वाचता येत नव्हतं. मी सातवीत असताना साहेबांनी पुढे ठेवलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि तो घरी घेऊन आले. मी वाचला. आपण आपल्या मर्जीने काम सोडतोय, असं त्यावर लिहिलं होतं. बाबांनी मला तो दोनदा वाचायला लावला. पुढची दोन वर्षं ते मजुरीसाठी नाक्यावर उभे राहिले आणि आई उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडे धागे कापत बसली. बोटांना निळा रंग घेऊन घरी यायची. रात्रीच्या भाजीत पाणी घालून ती सकाळी पुरवायची.

मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. विहारात माझा सत्कार झाला आणि बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मला माझ्या शिक्षणाचा अभिमान आहे — आजही आहे. ते लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

नोकरी लागली तीही आनंदनगरलाच, एका पॅकिंगच्या कंपनीत. बदलापूर, अंबरनाथहून कामगारांना ने-आण करणाऱ्या गाड्यांचं काम माझ्याकडे. एक वर्ष शिकाऊ, नंतर परमनंट — केलंच तर. ऑफिसात माझ्या टेबलावर तक्रारीची वही असायची. गाडीत बिघाड असला की ड्रायव्हरने वहीत लिहायचं, असा नियम. पण लिहायचं कोणी? चारपैकी तिघांना लिहिताना घाम फुटायचा. मग ते तोंडाने सांगायचे, मी लिहायचो. खाली त्यांचा अंगठा किंवा सही घ्यायला हवी होती, तीही मी घेत नव्हतो. "बी.कॉम.ने लिवलं ना? मग दगडावरची रेघ," असं ते म्हणायचे. चेष्टा होती, पण विश्वासही होता. तो मला आवडायचा. खोटं कशाला बोलू — फार आवडायचा.

त्यांच्यात सगळ्यात जुने काशिनाथकाका. बदलापूरजवळच्या चामटोलीचे, आगरी. पेट्रोलवर चालणारी जुनी व्हॅन त्यांच्याकडे होती. बदलापूरच्या सात बाया ते रोज सकाळच्या पाळीला आणायचे. बाबांना ते पूर्वीपासून ओळखायचे. मी नोकरीला लागलो त्या दिवशी सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "आपला पोरगा हाय. कोन तरास देल त्याला तर माझ्याशी गाठ."

माझं वर्ष संपत आलं होतं तेव्हा एका सोमवारी ते ऑफिसच्या दारात उभे राहिले.

"बाला, टाकी गलते रं. सकालपासून वास मारतंय."

मी गाडीपर्यंत गेलो. वाकून पाहिलं. टाकीच्या जोडावर ओल होती, थेंब धरत होता. टाकीला लागूनच सायलेन्सरचा पाइप. मला काय करायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. वहीत लिहायचं, व्हॅन उभी करायची, बाहेरची गाडी मागवायची. पण साहेबांच्या भिंतीवर एक तक्ता होता. गाडी बंद राहिली की माझ्या नावापुढे लाल खूण. माझं वर्ष त्याच महिन्यात भरत होतं आणि दोन खुणा आधीच पडल्या होत्या. तिसरी पडली तर?

मी म्हणालो, "काका, साबण लावा. दोन-तीन दिवस काढा, मग बघतो."

कपडे धुवायचा साबण भेगेवर घासून बसवला की गळती थोडा वेळ थांबते. रस्त्यात अडकलेली माणसं असं करतात, गॅरेजपर्यंत पोचायला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि साबण लावला. मी वहीत काही लिहिलं नाही.

मंगळवारी ते परत आले. वास आहेच, म्हणाले. बाया नाकाला पदर लावून बसतात. मी म्हटलं, पुन्हा लावा. ते हसले — "आता गाडीला आंघोलच घालतो." मीही हसलो.

बुधवारी दुसऱ्या एका गाडीच्या कामाला मी उल्हासनगरला स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. दुकानदार सिंधी, ओळखीचा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पेट्रोलची टाकी साबणावर किती दिवस चालेल? तो मापं लिहीत होता, हात थांबवून म्हणाला, "साईं, साबुन नहाने के लिए होता है. टाकी बदलो." टाकी त्याच्याकडे तयार होती. मागे बोट करून दाखवली. मी दुसऱ्या गाडीचा माल उचलला आणि परत आलो.

म्हणजे — मला माहीत होतं. हे एवढं वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली.

गुरुवारी सकाळी व्हॅन कंपनीच्या फाटकात शिरली आणि खालून पेटली. मी खिडकीतून पाहिलं. सहा बाया उतरल्या होत्या. मालाताई मागच्या सीटवर होत्या, गुडघ्याचं दुखणं, त्यांना उतरायला वेळ लागायचा. सरकणारं दार परत मिटलं आणि अडकलं. काकांनी ते तापलेलं दार उजव्या हाताने धरून ओढलं आणि मालाताईंना बाहेर खेचलं. मालाताईंना काही झालं नाही. काकांच्या उजव्या हाताची बोटं त्यानंतर कधी मिटली नाहीत. न मिटणाऱ्या बोटांनी स्टिअरिंग धरता येतं का?

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. टेबलापलीकडे तिघे साहेब. काका पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. मी भिंतीशी उभा. काकांनी सांगितलं — टाकी गळते म्हणून ऑफिसात दोनदा सांगितलं होतं. साहेब म्हणाले, वहीत दाखवा. वही उघडली. सोमवार कोरा, मंगळवार कोरा.

मग साहेबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "मला काही बोलले नाहीत."

आवाजही हलला नाही माझा. थरथरलो असतो, अडखळलो असतो, तर निदान आज तेवढं तरी सांगता आलं असतं. साहेब बाकीच्या दोघांकडे वळून म्हणाले, "शिकलेला मुलगा आहे. सांगितलं असतं तर लिहिलं असतं त्याने." माझी पदवी तिथे साक्षीला उभी राहिली. काकांच्या तीस वर्षांच्या ड्रायव्हिंगपेक्षा ती भारी पडली.

टाकीवर साबणाचे अवशेष सापडले होते. साहेबांनी विचारलं, साबण कोणी लावला?

काका माझ्याकडे बघत होते. मी वहीकडे बघत होतो.

"मीच लावला," ते म्हणाले. कोणी सांगितलं, ते बोलले नाहीत. का बोलले नाहीत? मी हे किती वेळा उलटसुलट करून पाहिलंय. उत्तर मला माहीत आहे असं वाटतं, आणि नेमकं त्याचसाठी मी पुढे विचार करत नाही.

बिघाड माहीत असून लपवला, असा ठपका ठेवून त्यांना काढलं. निकालाचा कागद मीच टाइप केला. सही कुठे करायची, ते मीच बोट ठेवून दाखवलं. डाव्या हाताने त्यांनी वाकडीतिकडी सही केली. त्या क्षणी मला बाबा आठवायला हवे होते. नाही आठवले. मला फक्त तो कागद लवकर उचलायचा होता.

ते निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो. काय बोलणार होतो, ठाऊक नाही. त्यांनीच वळून हळू आवाजात सांगितलं, "तुझ्या बापाला नको सांगू हां. लय वाईट वाटंल त्याला."

मी मान डोलावली. त्यांचं एवढंच मी ऐकलं.

बाबा विचारायचे, काशिनाथ दिसत नाही हल्ली? मी म्हणायचो, रिटायर झाले. चामटोली माझ्या घरापासून लांब नाही. मी एकदाही गेलेलो नाही. वेळ नव्हता, असं म्हणणार नाही. वेळ होता.

त्या महिनाअखेरीला मला परमनंट केलं. आता त्याच कंपनीच्या सगळ्या गाड्या माझ्या हाताखाली चालतात.