अक्कांचं भूत आणि निवडलेली मेथी

तीन बायका आणि एक टीव्ही एका खोलीत कोंडले, की किस्से खरकट्या भांड्यांसारखे साठतात. घासायला बसलं की ढीग संपत नाही!

इकडे कानडी मुलखात, मल्लेश्वरममध्ये, माझं जेवणाच्या डब्यांचं काम. हाताशी दोघी. बेळगावच्या सुधाक्का, वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि पुण्याहून आलेली शालन. दुपारी भाजी निवडताना आम्ही भुताचेच सिनेमे लावतो. रडके नाही, रडायला घर आहे! भूत किती भारी ते भाजी सांगते. भाजी तशीच राहिली, की सिनेमा चांगला.

*

एकदा भूत असं जबरदस्त निघालं, की घेवड्याची एक शेंग मोडली नाही. संध्याकाळी सगळ्या डब्यांत बटाटा! एका इंजिनिअर साहेबांचा फोन आला, "आंटी, आज घेवडा होता ना?"

"घेवड्याला भूत लागलं," मी म्हटलं. "बटाटा गिळा!"

*

डबे न्यायला रिक्षावाला मंजुअण्णा येतो. रोज दारातून ओरडतो, "अक्का, ट्रॅफिक! ट्रॅफिक!" एकदा डबे तयार होते आणि पडद्यावर कपाट आपोआप उघडायला लागलं. हा दारातच बसला. "स्वल्प थांबा अक्का, आत कोण आहे बघू!"

"तुझी सासू आहे," मी म्हटलं. "ऊठ!"

*

सुधाक्कांचं एकच पालुपद. "तरुणपणी मी सिनेमात भूत झालेली. विहिरीतनं वर येत होते की!" शालन मला डोळा मारायची. शेवटी तिनंच तो जुना सिनेमा मोबाईलवर शोधला, टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "अक्का, आज दिसला नाहीत तर पुन्हा भुताचं नाव काढायचं नाही!"

"सरी, चालेल," अक्का म्हणाल्या. इस्त्रीची साडी नेसून, गजरा माळून बसल्या. स्वतःचं भूत बघायला!

सुरुवात काय सांगू! बंद खोली, टाचण्या टोचलेली बाहुली, कापलेल्या लिंबातून रक्त. मेथीला कुणाचा हात नाही. मग मांत्रिक बागेत नाचायला लागला. मग विनोदी नोकर शेणात पडला. तीनदा! शेवटी भूत म्हणजे काय, तर इस्टेटीसाठी पांढरी चादर पांघरलेला काका! मी चौथी शिकलेली, पण इतकं चांगलं लिंबू फुकट घालवलं नसतं. मेथी निवडून झाली, लसूण सोलून झाला, उद्याचे मटारसुद्धा. विहीर आली आणि गेली. रिकामीच.

"अक्का, तुम्ही कुठे होता हो? पाण्याखाली?" शालन खिदळली.

अक्कांचं तोंड एवढंसं झालं. "कापलं की गं मेल्यांनी मला."

*

मग त्या उठल्या. गजरा काढून माझ्या हातात दिला, केस मोकळे सोडले, मोरीत शिरल्या आणि दार ओढून घेतलं. आतून आवाज आला, "ही विहीर समजा."

अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला. आम्ही पोट धरून हसत होतो.

दार उघडलं.

त्या संध्याकाळी सगळ्या डब्यांत बटाटा गेला. निवडलेली मेथी पार जिन्यापर्यंत सांडली होती आणि आमच्या किंकाळ्या ऐकून मंजुअण्णा काही केल्या वर येईना, डबे मीच खाली नेऊन दिले. रात्री फोन. तेच इंजिनिअर साहेब. "आंटी, आज मेथी होती ना?"

शालननं माझ्या हातातून फोन हिसकावला.

"साहेब, आमच्या अक्का सिनेमात होत्या!"