वेगळेनाना आणि माईचा तेरडा

डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गोड बोलणारी माणसं पुष्कळ होती, नाना त्यांतले नव्हते. कुणी हौसेने एखादं रानफूल दाखवलं की ते चष्मा कपाळावर सरकवत, फूल पार डोळ्याशी नेत आणि म्हणत, "हे वेगळं." मग तुम्ही कसे आंधळे आणि तुम्हाला शिकवणारे मास्तर कसे आंधळे, हे ओघाने येई. लोकांनी त्यांना वेगळेनाना नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, बरं झालं, माझ्याकडून एक शब्द तरी शिकले.

नोकरी घोलवडला, पार्सल ऑफिसात. एकदा एका शेठच्या माणसाने चिकूच्या करंड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि वर हसून म्हणाला, "बधां सरखां ज छे ने." सगळं सारखंच तर आहे. नानांनी त्याला सगळ्या करंड्या पुन्हा उतरवायला लावल्या. "फळं सारखी असतील, जायची गावं सारखी नाहीत," एवढंच त्याला सुनावलं. गाडी सुटली, शेठ भडकला, नाना जागचे हलले नाहीत. 'सारखंच' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे.

मी साताऱ्याकडून लग्न होऊन आले, साठ सालच्या आसपास. आमच्याकडे गौरीला मुखवटे, इथे सासरी तेरड्याची गौर. तेरड्याची रोपं मुळासकट आणायची, जुडी बांधायची, तिलाच साडी नेसवायची. आशागडच्या बायका बाजारात जुड्या घेऊन बसत. माझ्या पहिल्याच गौरीला सासूबाईंनी जुडी आणून ओसरीवर ठेवली, तर शेजारचे नाना न बोलावता येऊन उकिडवे बसले आणि तांदळातले खडे वेचावेत तशी त्यातली रोपं काढून बाजूला टाकू लागले.

"सूनबाई, बघून ठेवा. खऱ्या तेरड्याची पानं एकाआड एक, बोंडावर लव. ह्याची पानं जोडीने समोरासमोर, बोंड गुळगुळीत. ही गौर नव्हे, गौरीची चुलतबहीण."

सासूबाई काही कमी नव्हत्या. "चुलतबहीण असली तरी माहेरीच आलीय, नाना. जेवून जाऊ दे की," म्हणाल्या आणि टाकलेली रोपं उचलून पुन्हा जुडीत खोचली. नाना तणतणत निघून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

अशा माणसाबरोबर माईंनी संसार कसा केला, याचं मला नवल वाटे. माईंच्या लेखी गुलाबी दिसेल ते प्रत्येक फूल तेरडा. नाना कपाळाला हात लावत, पण साऱ्या जगाला आंधळं म्हणणाऱ्या या गृहस्थाने माईंना तो शब्द कधी लावला नाही. "फरक तुम्ही बघा, मी फुलं बघते," असं त्या म्हणत. आमच्या गौरीला साडी नेसवायला दरवर्षी माईच येत, कारण सासूबाईंच्या हातून निऱ्या कधी धड पडल्या नाहीत. एका हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि माई गेल्या. त्यानंतर नानांच्या जिभेला जी धार आली ती विचारू नका. सांत्वनाला आलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

त्या पावसाळ्यात ते दर रविवारी तलासरीच्या टेकड्यांवर जाऊ लागले. एकदा आले ते चिखलाने माखलेले आणि उजळलेले. कातळावर एक तेरडा सापडला होता. वीतभर उंची, पानं अरुंद, फूल फिकट, फुलामागची शेपटी आखूड. कुठल्याच पुस्तकात नाही, हा नवाच, असं त्यांचं ठाम म्हणणं, आणि नव्याला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. नाव ठरलेलं होतं. माईंचं. आमच्या क्वार्टर्सना फुलाशी काडीचं देणंघेणं नव्हतं, पण नाव पुस्तकात छापून येणार म्हटल्यावर जो तो माईंचा सख्खा झाला. ज्यांनी कधी साखरेची वाटी उसनी दिली नाही, तेही डोळे पुसू लागले.

मुंबईचे एक प्रोफेसर मुलांना घेऊन तलासरीला आले होते, त्यांना नानांनी गाठून रोप दाखवलं. प्रोफेसर शांतपणे म्हणाले, कातळावर माती कमी, म्हणून रोप खुरटलं असेल. बी चांगल्या मातीत पेरून बघा, तिथेही असंच उगवलं तर मला कळवा. घरी येऊन नानांनी त्या भल्या माणसाची यथेच्छ टर उडवली. बी मात्र गोळा केलं. तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लागताच फुटून बी उडतं, म्हणून माईंच्या हिरव्या साडीच्या पदराच्या चिंध्या फाडून त्यांनी बोंडांना पिशव्या बांधल्या.

पुढच्या पावसात क्वार्टरमागच्या वाफ्यात रोपं आली. नाना रोज सकाळी तिथे वाकलेले दिसत. रोपं गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत. पानं रुंद झाली. फुलं आली ती चांगली गडद गुलाबी, शेपटी लांब. बाजारात मिळतो तोच तेरडा. कुणाला कळलं नसतं. क्वार्टर्समध्ये पान बघणारे डोळे होते कुणाला? नाना गप्प राहिले असते तर माईंच्या नावाचं फूल आम्ही सगळ्यांनी जन्मभर मिरवलं असतं.

गौरीच्या सकाळी नाना आमच्या ओसरीवर आले. अख्खा वाफा उपटून, मुळं धुऊन आणला होता. जुडी सासूबाईंपुढे ठेवली.

"सारखंच निघालं," ते म्हणाले. "माझं चुकलं. साधा तेरडा आहे, गौरीला चालेल."

इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी सासूबाईंना चालून आली होती. त्यांनी जुडी उचलली, देठांना दोरा गुंडाळला आणि एवढंच विचारलं, "माईंची हिरवी साडी आहे ना हो घरी?"

नानांनी साडी आणून दिली. निऱ्या मी घातल्या, माईंनी शिकवल्या होत्या तशा. पदराची फाटकी बाजू सासूबाईंनी मागे वळवून खोचली. हळदीकुंकू झालं, आरती झाली. नाना चष्मा कपाळावर सरकवून पाटासमोर बसले होते आणि बराच वेळ गौरीकडे बघत होते.

"ही वेगळी आहे," ते म्हणाले.

त्या दिवशी कुणी हसलं नाही.