उन्हाचे हातमोजे

सारंगला कावीळ झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी म्हणालो, "नाटकं आहेत."

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सारंग माझा मित्र, बडोद्याच्या नागरवाड्यातला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. कोयली रिफायनरीतली पक्की नोकरी सोडून मनालीला गेला आणि टूरिस्टांना बुलेटवर लडाखला न्यायला लागला. त्याचे बाबा म्हणाले, "आता या घरात यायचं नाही."

मी सेकंड इयरला कॉलेज सोडून त्याच्या मागे गेलो. तो पुढे, मधे टूरिस्ट, सगळ्यात शेवटी टूलकिट घेऊन मी.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी खिंडीतच बर्फाने गाठलं. दोन्ही पाय खाली टेकवत, बदकासारखे, आम्ही गाड्या उतरवत होतो. बोटं मेलेली, ब्रेक दाबतोय की नाही तेही कळत नव्हतं.

मी ओरडलो, "सीझन पतली!"

पतली म्हणजे संपली. बडोद्याबाहेरच्यांनी सांभाळून घ्या.

तो बर्फाकडे बघून हसत होता. "पतली नाही रे. बदलली."

शंका मला तिथेच आली. काय बदललं?

खाली येऊन गाड्यांच्या बॅटऱ्या काढल्या, ताडपत्री बांधली. मी बडोद्याला आलो. तो आला नाही.

"स्नो स्कूटर चालवतोय," फोनवर म्हणाला.

"स्कूटर? तू?"

"नावाला स्कूटर रे. पुढे स्की, मागे रणगाड्यासारखा पट्टा. गॅस अंगठ्याने द्यायचा. आणि रस्ताच नाही ने! जिथे वळवशील तिथे रस्ता. जूनमध्ये ज्या दगडांवर आपली हाडं खिळखिळी होतात ना, ते सगळे खाली झोपलेत. तू ये. एकदा बस."

एवढ्या थंडीत, एकटा माणूस एवढा खूश?

मी मनात म्हटलं, कोणीतरी आहे.

उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, कळलं कोण. म्हणजे, मला वाटलं की कळलं.

उत्तरायणला बडोदं सोडून कोणी जातं का? त्या दिवशी शेजारची केतकी गच्चीवर नव्हती. तिच्याबद्दल मला काय वाटतं हे जगात फक्त सारंगला माहीत होतं. "आणंदला मामाकडे गेलीय," तिची बहीण म्हणाली. म्हणाली ते म्हणाली, वर हसली.

त्याच संध्याकाळी सारंगचा फोटो आला. तो स्नो स्कूटरवर, मागे कोणीतरी बसलेलं. भाड्याचा लांब कोट, हेल्मेट, चेहरा नाही. दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलेलं.

मी झूम केलं.

जांभळे हातमोजे. बारीक फुलाफुलांचे, कॉटनचे, कोपरापर्यंत. आपल्याकडे स्कूटीवर ऊन लागू नये म्हणून घालतात तेच. मांडवीच्या बाजारात लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मिळतात. बर्फात हे घालून बडोद्याचीच बाई जाणार, दुसरी कोण!

केतकीकडे सेम होते.

"मागे कोण आहे?" मी विचारलं.

"प्रॉमिस केलंय, आत्ता सांगू शकत नाही. फोटो कोणाला दाखवू नकोस."

प्रॉमिस!

मग मी त्याला जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. केतकीलाही लिहिलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग ब्लॉक.

सारंग फोन करत राहिला. मी उचलले नाहीत.

मार्चमध्ये तो कावीळ घेऊनच घरी आला. बाबांनी दार उघडलं म्हणे. मला मेसेज: "येऊन जा ना. रंग तरी बघ माझा, फुकटची हळद लागलीय."

नाटकं आहेत, मी म्हणालो. पटवायची आयडिया.

नवव्या दिवशी तो गेला.

स्मशानात जाताना मी नेहमीसारखा सगळ्यात शेवटी. आणि खरं सांगतो, त्याच्या घरून निघतानासुद्धा मी हेच बघत होतो की केतकी किती रडतेय.

परवा वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर काकूंनी, सारंगच्या आईने, मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला वाटलं, आता जाब विचारणार. त्यांनी डब्यांमागून एक पिशवी काढली.

जांभळे हातमोजे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "केतकीचे तुमच्याकडे कसे?"

"केतकीचे? माझे आहेत रे. मनालीला नेले होते. मला वाटलं, हातमोजे ते हातमोजे. बोटं अशी काकडली! सारंग म्हणतो, आई, हे उन्हाचे आहेत. हसून हसून गाडी थांबवली त्याने."

मी हातमोजे हातात घेतले.

"ह्यांना सांगितलं होतं, नाशिकला बहिणीकडे जाते. सारंगकडून प्रॉमिस घेतलं, कोणाला म्हणून सांगायचं नाही. तुलाही नाही. तू रागावलास की काय वाट्टेल ते बोलतोस."

मग म्हणाल्या, "आधी भीती वाटली. मग सुटलो ना, तेव्हा बासष्ट वर्षांत कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले. घट्ट धरलं होतं त्याला. बरं झालं धरलं."

दर उत्तरायणला काकू तिळगुळाचा डबा घेऊन आमच्या गच्चीवर येतात. त्या वर्षी आल्या नव्हत्या. केतकी नाही हे मी सकाळी नऊलाच टिपलं. काकू नाहीत हे मला परवा कळलं.

काकूंना विचारून लिहितोय. "लिही खुशाल," म्हणाल्या, "ह्यांना मी काल सांगून टाकलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. फोटो मागितला. अजून बघतायत."

केतकी, तू मला ब्लॉक केलंयस, पण तुझी बहीण हे वाचून तुला दाखवणार याची मला शंभर टक्के संशय आहे. सॉरी. आणखी बरंच आहे, पण आजचा दिवस त्याचा आहे.

यंदा खिंड बंद झाली की मी खाली बडोद्याला येणार नाही. त्या स्कूटरवर एकदा बसणार.

नीट जा, सारंग.

रंग बघायला मी यायला हवं होतं.