तिसऱ्या गाण्यानंतरची जागा

पवित्र आत्म्याच्या कामात अडथळा आणणारा माणूस अशी माझी ख्याती डोंगरकडा गावातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पसरली, त्याच सुमारास माझ्या पत्नीच्या, सुशीलाच्या, पोटात गाठ निघाली. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारेही निघालेच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कुठल्याशा शिबिराहून आमची माणसं परतली ती कृपादानं, म्हणजे पवित्र आत्म्याच्या देणग्या, घेऊनच. कुणी स्वतःलाही न कळणाऱ्या अन्य भाषांत बोलू लागलं, कुणाला देवाचे संदेश येऊ लागले, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी येत. एका रविवारी तो गलका ऐकून शेजारपाजारचे लोक भांडण सोडवायला काठ्या घेऊन धावत आले. त्यांना बसवून चहा पाजावा लागला. तेव्हा मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी, मी शाळामास्तर म्हणून, शिस्तीचं काम माझ्यावर सोपवलं. कृपादानं नाकारायची नव्हती. एका वेळी एकानंच बोलावं, एवढंच होतं. मी नियम केला : संदेश सांगायचा तो तिसऱ्या गाण्यानंतर, हात वर करून, आणि उपासनेआधी मला कळवून. पवित्र आत्म्याकडून पूर्वसूचना मागण्यात काही गैर आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही.

सुशीलाचं ऑपरेशन सोमवारी नांदेडला ठरलं होतं. उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ती जायला तयार नव्हती. "अहो, डॉक्टरचं ऐकलं. आता देवाचं काही ऐकू आल्याबिगर मी बसमधी पाय ठेवत न्हाई." इतके दिवस संदेशांचा पूर आला होता. मला एकाची गरज पडली त्या रविवारी मात्र तिसरं गाणं संपलं आणि सगळे चिडीचूप.

एसटीत कंडक्टर असलेल्या योहानभाऊंनी सकाळीच कळवून ठेवलं होतं, "गुरुजी, आज मला येईल असं वाटून राहिलं." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उभे राहिले, डोळे मिटले, बऱ्याच वेळानं उघडले.

"न्हाई आलं, गुरुजी."

"पुन्हा बघा जरा."

"काय बघू? तुमी असं बघून राहिले, जसा शाळा तपासायला साहेब आला. आलेलंबी वापस जाईल!"

मंडळी हसली. मीही हसलो असतो, पण सुशीला चप्पल शोधू लागली होती. "चला घरी," ती म्हणाली. "मी उद्या जात न्हाई."

दारापाशी एक म्हाताऱ्या मावशी बसल्या होत्या. साखरा गावाहून लेकीकडे पाहुण्या आलेल्या; आमचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. हात वर न करता त्या उठल्या आणि सुशीलाचा हात धरून म्हणाल्या, "बाई, मघापासून मनात एकच येऊन राहिलं. भिऊ नको, मी तुझ्यासंग येतो."

कुणीतरी मोठ्यानं "आमेन" म्हणालं. मावशींनी त्याला हातानंच थांबवलं.

"थांब रे बाबा. हे देवाचं हाय का माझंच, मला कळंना. चुकीचं निघालं तर हिची फसगत व्हायची. म्हणून मीच येते उद्या. कितीची गाडी हाय?"

 सुशीला रडत रडतच हसली आणि म्हणाली, "सकाळची हाय, मावशी."

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात पुरुषांना राहू देत नव्हते. मावशी आत गेल्या आणि सुशीला घरी येईपर्यंत तिच्या उशाशी राहिल्या. ऑपरेशन नीट झालं. त्याचं श्रेय कुणाला किती, हा हिशेब मी मांडलेला नाही. मला आठवतो तो वॉर्डाबाहेरचा बाक. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि कुणाला गप्प बसवायला किंवा बोलायला लावायला मला तिथं काडीचा अधिकार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काहीही सुचवलं नाही. नुसते आभार मानले, आणि बसून राहिलो.